करार कायदा: आधी कलमं की आधी खटले? (एलएलबी पहिलं वर्ष, नागपूर)

पहिला_बाक
नमस्कार मंडळी. बी.कॉम. करून यंदा तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला. करार कायदा, म्हणजे १८७२ चा इंडियन कॉन्ट्रॅक्ट ऍक्ट, सुरू आहे. वर्गात सगळं समजतं. सर कार्बोलिक स्मोक बॉलच्या जाहिरातीची गोष्ट सांगतात, बाल्फोर नवरा-बायकोची सांगतात, ऐकायला मजा येते. पण चाचणीत 'अ ने ब ला पत्र पाठवलं, ब ने दुसऱ्या दिवशी...' असा प्रश्न आला की हात थांबतो. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

आमच्या वर्गात दोन तट आहेत. एक गट बेअर ऍक्ट (म्हणजे कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक) शब्द न् शब्द पाठ करतोय. दुसरा म्हणतो, कलमं राहू द्या, खटल्यांची नावं टाका, मार्क पडतात. वकिली करणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि नुकत्याच पास झालेल्यांनी सांगा: आधी काय वाचायचं?

सोबत एक सराव प्रश्न देते, यावर अडले आहे. सोळा वर्षांच्या मुलाने वय अठरा सांगून दुकानातून हप्त्यावर तीस हजारांचा मोबाईल घेतला. दोन हप्ते भरले आणि मग बंद केले. दुकानदार काय करू शकतो?

इतवारीवाला
दुकानदाराने आधी आधार कार्ड पाहायला हवं होतं. आमच्या इतवारीत उधारी देताना आजोबा कोण ते विचारतात. :)

काळाकोट
आधी कलमं. मी दिवाणी बाजूला काम करतो आणि इतक्या वर्षांनंतरही प्रत्येक नोटीस लिहिण्याआधी कायदा उघडतो. पण पाठांतर म्हणजे कलमं वाचणं नव्हे, तुमचा पहिला गट तिथे चुकतोय.

कलम २ घे. ती व्याख्यांची यादी दिसते, पण आहे साखळी. ए मध्ये प्रस्ताव. बी मध्ये तो स्वीकारला की वचन. डी मध्ये वचनाच्या बदल्यात मिळतं ते प्रतिफल. ई मध्ये वचन आणि प्रतिफल मिळून अग्रीमेंट. एच मध्ये कायद्याने अंमलात आणता येतं ते अग्रीमेंट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. आता कायद्याने अंमलात कधी आणता येतं? त्याचं उत्तर कलम १० देतं: मोकळी संमती, करार करायला पात्र पक्ष, कायदेशीर प्रतिफल, कायदेशीर उद्देश, आणि कायद्याने स्पष्टपणे शून्य (व्हॉइड) ठरवलेलं नसणं. पुढची वीस कलमं म्हणजे या एका कलमाचा उलगडा. पात्रता ११ आणि १२ मध्ये, संमती १३ ते २२ मध्ये, कायदेशीरपणा २३ आणि २४ मध्ये, शून्य ठरवलेले प्रकार साधारण २५ ते ३० मध्ये. हा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेव. प्रश्न आला की साखळीतली कोणती कडी तुटली आहे ते शोधायचं, उत्तराची सुरुवात तिथून.

आणखी एक. बेअर ऍक्टमध्ये ७५ नंतर एकदम १२४ येतं, त्याला घाबरू नकोस. मधला मालविक्रीचा भाग १९३० मध्ये आणि शेवटचा भागीदारीचा भाग १९३२ मध्ये स्वतंत्र कायदे होऊन बाहेर पडला.

गोष्टीवेल्हाळ
काळाकोट काका, आदर ठेवून असहमत. मी मागच्या वर्षी हा पेपर दिला. कलम ८ (प्रस्तावातली अट पूर्ण केली की तोच स्वीकार) दहा वेळा वाचलं तरी डोक्यात शिरलं नव्हतं. लालमन शुक्ला वाचला आणि शिरलं. १९१३ चा अलाहाबादचा खटला. पुतण्या हरवला म्हणून मालकाने मुनीमाला हरिद्वारला शोधायला पाठवलं. तो गेल्यावर इकडे ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं वाटली. मुनीमाने मुलगा शोधून आणला आणि नंतर बक्षीस मागितलं. मिळालं नाही, कारण शोधताना त्याला प्रस्तावच माहीत नव्हता, आणि शोधणं हे त्याचं नोकरीचं काम होतंच.

एवढी गोष्ट लक्षात राहिली की नियम आपोआप येतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना गोष्टच द्या, कलम मागून येईल.

नवी_सनद
गोष्टीवेल्हाळ दादा, त्या गोष्टीचं उत्तर कलम २(बी) मध्येच आहे ना? ज्याला प्रस्ताव केला त्याने आपली संमती दर्शवली की स्वीकार होतो. जे माहीतच नाही त्याला संमती कशी दर्शवणार? खटल्याने कलमाचा शब्द उघडून दाखवला.

नुसते खटले वाचण्यात खरा धोका इंग्रजी खटल्यांचा आहे. आपल्या अभ्यासक्रमात निम्मे खटले इंग्लंडचे. ट्वेडल विरुद्ध ऍटकिन्सन, १८६१: ज्याच्याकडून प्रतिफल आलेलं नाही त्याला दावा करता येत नाही. पोरं हे उत्तरात भारताचा कायदा म्हणून लिहितात. आपल्या २(डी) मध्ये शब्द आहेत 'वचन घेणारा किंवा अन्य कोणतीही व्यक्ती'. म्हणून मद्रासच्या चिन्नया विरुद्ध रामय्या, १८८२ मध्ये आईने मुलीला जमीन दिली, मुलीने आईच्या भावंडांना दरवर्षी ठराविक रक्कम द्यायचं लिहून दिलं, आणि भावंडांनी स्वतः काहीच दिलेलं नसतानाही ते वचन मुलीवर बंधनकारक ठरलं. कलम न वाचता इंग्रजी खटला लिहिला की आख्खा प्रश्न उलटा जातो.

बर्डीची_राणी
मला काउंटर ऑफर (म्हणजे उलट प्रस्ताव) सीताबर्डीच्या बाजारात समजली. मेन रोडला कुर्ता पाचशेचा. मी म्हटलं तीनशे. भाऊ म्हणाला नाही जमत. मी पुढच्या दुकानात जाऊन परत आले आणि म्हटलं बरं द्या पाचशेलाच. तोवर त्याने तो दुसऱ्या बाईला दिलेला! घरी येऊन भावाला तावातावाने सांगितलं, तर तो म्हणे ताई, हा हाइड विरुद्ध रेंच, १८४०. शेत १००० पौंडांना देतो म्हटलं, समोरच्याने ९५० म्हटलं, तिथेच पहिला प्रस्ताव संपला, नंतर १००० ला हो म्हणून उपयोग नाही.

काळाकोट
उदाहरण छान आहे. आपल्याकडे त्याचं घर कलम ७: स्वीकार बिनशर्त आणि पूर्ण हवा. फक्त एक जोडतो. दुकानात मांडलेला कुर्ता हा मुळात प्रस्तावच नसतो, ते प्रस्ताव करायचं आमंत्रण असतं. तीनशे म्हणालीस तो पहिला प्रस्ताव तुझा.

पिवळी_तर्री
विषय सोडून विचारते, लॉ कॉलेज चौकाच्या आसपास सकाळी सातला चांगले तर्री पोहे कुठे मिळतात? लेकीचा पहिला तास लवकर असतो.

इतवारीवाला
तर्री पोहे मिळणार नाहीत अशी जागा नागपुरात दाखवा, मी बक्षीस लावतो. अन् हे आता सगळ्यांना माहीत झालं, लालमनसारखं नाही.

काटोलचा_बागवान
मी वकील नाही बाप्पा, काटोलकडं संत्र्याचा बगिचा आहे. पोरगी हे शिकून राहिली म्हणून वाचून राहिलो. आमच्या इकडं व्यापारी येते, झाडं फिरून पाहते, बहार पाहते अन् उक्ता भाव ठरवते. इसार देते. वहीच्या पानावर दोन ओळी, खाली सही. एका आंबिया बहारात अर्धा माल तोडून नेला, मंग भाव पडले अन् गड्यानं फोन उचलनंच बंद केलं. उरलेला माल झाडावर. फळ झाडावर थांबत नाही, गळते. गावातले म्हणे स्टॅम्प पेपर नाही तं काही होत नाही. हे खरं हाय का?

नवी_सनद
काका, अजिबात खरं नाही, आणि पहिला बाक, तूही हे नीट वाच, कारण यात अर्धा अभ्यासक्रम आहे.

कलम १० मध्ये लेखी असण्याची अट सरसकट नाही. दुसऱ्या कुठल्या कायद्याने एखाद्या करारासाठी लेखी किंवा नोंदणी मागितली असेल तरच ती लागते. झाडावरचं फळ तोडून द्यायचं ठरलं तर ते मालविक्रीच्या कायद्यात 'माल' धरलं जातं, जमिनीचा व्यवहार नव्हे. वहीचं पान, इसाराची रक्कम, पहिल्या तोड्याच्या गाडीच्या पावत्या, फोनचे मेसेज हा सगळा पुरावा आहे.

किती मागता येईल? कलम ७३. करार मोडला त्या वेळी ठरलेला भाव आणि बाजारभाव यातला फरक, हा साधा हिशोब. पण कलमाच्या स्पष्टीकरणात एक ओळ आहे जी विद्यार्थी वाचतच नाहीत: नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हातात होते तेही बघितले जातील. म्हणजे उरलेली फळं गळू द्यायची आणि सगळा भाव मागायचा, हे चालत नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याला किंवा कळमन्याच्या बाजारात माल घालायचा, विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) जपायच्या आणि तूट मागायची. करारभंगाचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

काटोलचा_बागवान
माल कळमन्याले घातला होता पोरी, पट्ट्या हायेत घरी. अन् त्या पैशावर पोरीचं लग्न ठरवलं होतं, कर्ज काढा लागलं. त्याचं व्याज?

काळाकोट
बागवान भाऊ, व्याजाचं कठीण आहे. सौदा करताना व्यापाऱ्याला लग्नाचं माहीत होतं का, हा प्रश्न येईल. ७३ मध्ये १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेलचा विचार उतरलेला आहे. ग्लॉस्टरच्या गिरणीचा तुटलेला दांडा वाहतूकदाराने उशिरा पोचवला आणि गिरणी बंद राहिली, पण गिरणी त्या एका दांड्यावर अडली आहे हे त्याला सांगितलेलं नव्हतं, म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही. नेहमीच्या क्रमात होणारं नुकसान, किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेलं नुकसान, इतकंच मिळतं.

इसाराबद्दल: तो ठेवून घेता येतो, पण रक्कम खरोखर इसार म्हणण्याइतकी असेल तर. १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास खटल्यात घराच्या सौद्यात १,००० रुपये इसार आणि नंतर दिलेले २४,००० होते. सर्वोच्च न्यायालयाने १,००० जप्त होऊ दिले, २४,००० नाही. कलम ७४ खाली, करार मोडल्यास द्यायची म्हणून ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, वाजवी भरपाई तिच्या आत. इंग्रजी कायदा दंड आणि आधी ठरवलेली भरपाई असे दोन कप्पे करतो, आपल्या कलमाने ते कप्पे ठेवलेच नाहीत. पट्ट्या आणि ते वहीचं पान घेऊन काटोलच्या एखाद्या दिवाणी वकिलाला भेटा, तीन वर्षं होऊ देऊ नका.

गोष्टीवेल्हाळ
म्हणजे पुन्हा कलम जिंकलं. पण बघा, ७३ चा अर्थ सांगायला काकांना गिरणीची गोष्टच लागली.

खामगावकर
या वादाचा सगळ्यात सुंदर खटला आमच्या खामगावचा आहे, आणि त्याला नागपूरचाही धागा आहे. अजून कुणी काढला नाही याचं नवल वाटलं.

भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल, एआयआर (निकालांचा छापील संग्रह) १९६६ सर्वोच्च न्यायालय ५४३. १९५९ ची गोष्ट. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी सरकीच्या ढेपेचा सौदा फोनवर केला. प्रस्ताव अहमदाबादहून, 'हो' खामगावहून. ढेप आली नाही म्हणून अहमदाबादला दावा. खामगावकर म्हणाले, 'हो' आम्ही इथे म्हटलं, करार इथे झाला, दावा इथे लावा.

आता कलम ४ वाचा. स्वीकार पाठवणाऱ्याच्या हातून निघून प्रस्ताव करणाऱ्याकडे वाटेला लागला की प्रस्ताव करणाऱ्यापुरता तो पूर्ण. पत्र पेटीत पडलं की झालं. त्या शब्दांनी पाहिलं तर 'हो' खामगावलाच पूर्ण होतं. पण बहुमताने म्हटलं, फोनवरचं बोलणं समोरासमोरच्या बोलण्यासारखं, स्वीकार जिथे ऐकू आला तिथे करार. म्हणजे अहमदाबाद. १८७२ चा कायदा लिहिणाऱ्यांसमोर टेलिफोन नव्हताच, बेलचं पेटंट १८७६ चं.

वेगळं मत न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं. ते म्हणाले, कलम ४ ची भाषा फोनलाही पुरते, मग इंग्रजी नियम कशाला आणायचा. हे हिदायतुल्ला नागपूर उच्च न्यायालयात वकिली केलेले, १९५४ मध्ये तिथलेच मुख्य न्यायमूर्ती झालेले, आणि त्याआधी नागपूरच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉमध्ये शिकवलेले. पहिला बाक, तू ज्या शहरात हे शिकतेस तिथल्या माणसाने 'आधी कलमाचे शब्द' हे निकालपत्रात लिहून ठेवलंय. खटला मूळातून वाच, बहुमतही आणि त्यांचंही.

नवी_सनद
खामगावकर भाऊ, मूट कोर्टला (सराव न्यायालयाला) मी हाच खटला हिदायतुल्लांच्या बाजूने मांडला होता. फक्त उत्तरपत्रिकेत कायदा म्हणून बहुमतच लिहायचं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनी लक्षात ठेवा. वेगळं मत चर्चेसाठी.

खामगावकर
मान्य. निर्णय अहमदाबादचाच आहे. पण मनातून अजून खामगाव.

इतवारीवाला
भाऊ, ढेप पाठवून दिली असती तर एवढा ऐतिहासिक खटला झालाच नसता. म्हशींचं नुकसान, विद्यार्थ्यांचा फायदा.

निवृत्त_शिक्षिका
मी हा विषय शिकवला आहे, म्हणून माझं मत सांगते. खामगावकरांनी सांगितलेला वाद अपवाद आहे. बहुतेक ठिकाणी आपल्या न्यायालयांनी कलमाचीच बाजू घेतली आहे. १९५४ चा सत्यब्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर बघा. कलकत्त्याच्या जमिनीचे प्लॉट, युद्धात सरकारने जमीन ताब्यात घेतली, कंपनी म्हणाली करार संपला. इंग्रजी कायद्यात यावर वेगवेगळे सिद्धांत होते. न्यायालय म्हणालं, आपल्याकडे अशक्य झालेल्या करारांसाठी कलम ५६ आहे, त्या सिद्धांतांत शिरायची गरज नाही. आणि ५६ मधल्या अशक्य या शब्दाचा अर्थही कोरडा घेतला नाही: ज्या हेतूने करार झाला त्याचा पायाच गेला तर तेही अशक्यच. मात्र त्या खटल्यात मुदत ठरलेली नव्हती आणि ताबा तात्पुरता होता, म्हणून करार जिवंत राहिला.

हे मुलांना समजतं ते २०२० च्या मंगल कार्यालयांवरून. मे महिन्याचं लग्न, हॉल बुक, आगाऊ रक्कम दिलेली आणि टाळेबंदी. अनेक घरांत हा प्रश्न आला. वर्गात मी विचारायचे: करारात अशा प्रसंगाची अट होती का? असेल तर आधी ती. नसेल आणि त्या तारखेला समारंभ करणंच बेकायदा झालं असेल तर ५६. मग घेतलेल्या पैशांचं काय, तर ६५, घेतलेला लाभ परत. तारीख दोघांनी राजीखुशीने पुढे ढकलली असेल तर चित्र पुन्हा बदलतं. एका हॉलच्या पावतीवरून दोन कलमं येतात. घरात अशी पावती, भाडेकरार, हप्त्याचा कागद असेल तो आण आणि कलम २ पासून तपास. खटला त्यानंतर वाच, म्हणजे न्यायाधीश कोणत्या शब्दापाशी थांबले ते तुला दिसेल.

पहिला_बाक
सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशा काढला. बागवान काका, तुमची पट्टी आणि वहीचं पान माझ्या नोट्समध्ये गेलं आहे, कलम ७३ आता विसरणार नाही.

मोबाईलचा प्रश्न आता असा लिहिला आहे, तपासून द्याल का?

'कलम २(एच) नुसार कायद्याने अंमलात आणता येणारं अग्रीमेंट म्हणजे करार. कलम १० नुसार पक्ष पात्र हवेत. कलम ११ नुसार सज्ञान व्यक्तीच पात्र, आणि १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार सज्ञान वय १८. मुलगा सोळाचा आहे, म्हणून साखळी कलम १० पाशी तुटते. मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, व्यक्तीचा करार सुरुवातीपासून शून्य ठरवला. म्हणून दुकानदार उरलेल्या हप्त्यांचा दावा करू शकत नाही. कलम ६५ चाही आधार नाही, कारण ते पात्र पक्षांमधल्या करारासाठी आहे असं त्याच निकालात म्हटलं आहे.'

खोटं वय सांगितलं त्याचं काय करायचं, आणि मोबाईल कलम ६८ मधली गरजेची वस्तू होते का, इथे अडले.

गोष्टीवेल्हाळ
हे आधीच्यापेक्षा फार चांगलं आहे. ६८ साठी माझ्याकडे गोष्ट आहे! नॅश विरुद्ध इनमन, १९०८. केंब्रिजच्या विद्यार्थ्याने शिंप्याकडून इतर कपड्यांसोबत अकरा फॅन्सी वेस्टकोट घेतले. वडिलांनी पुरेसे कपडे आधीच दिलेले होते, म्हणून ते गरजेचे ठरले नाहीत. शिंपी हरला.

काळाकोट
बरोबर, आणि आपल्या ६८ चे शब्दही तेच विचारतात: त्याच्या राहणीमानाला साजेशी गरज. घरी चालता फोन असेल तर तीस हजारांचा दुसरा गरजेचा ठरवणं अवघड. आणि ठरला तरी वसुली मुलाच्या मालमत्तेतून, त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी नाही. हे वाक्य नक्की घाल.

खोट्या वयाबद्दल: मोहरीबीबीमध्ये सावकाराच्या माणसाला मुलगा अज्ञान आहे हे आधीच कळलं होतं, त्यामुळे फसवल्याचा मुद्दा तिथे टिकलाच नाही. तुझ्या प्रश्नात दुकानदार खरोखर फसला आहे, हा फरक लिही. तरीही खोटं बोलल्यामुळे मुलाचा करार वैध होत नाही, नाहीतर कलम ११ ला अर्थच उरणार नाही. मग दुकानदाराच्या हाती काय? या मुद्द्यावर लाहोरने १९२८ मध्ये आणि अलाहाबादने १९३७ मध्ये वेगळी उत्तरं दिली होती. आता १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ऍक्टचं कलम ३३ आहे: दावा अपात्रतेच्या मुद्द्यावर फेटाळला तरी, मुलाला किंवा त्याच्या मालमत्तेला जितका लाभ झाला तितका परत करायला न्यायालय सांगू शकतं. म्हणून शेवटचा परिच्छेद असा कर: हप्ते नाही, पण मोबाईल मुलाकडे असेल तर तो परत मिळण्याची मागणी दुकानदार करू शकतो, आणि ती मान्य करायची की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर.

पहिला_बाक
आणि मुलाने मोबाईल विकून टाकला असेल तर?

नवी_सनद
आता खरा प्रश्न विचारलास. कलम ३३ मधले 'जितका लाभ झाला तितका' हे शब्द धर. विकून आलेले पैसे त्याच्याकडे आहेत की खर्च झाले, यावर दोन परिच्छेद लिही आणि उद्या इथेच टाक. मी तपासते.